कोंबड्या भरदुपारी खुराड्यात शिरल्या, त्या वर्षी

जगाच्या अंताच्या भयकथा लेखकाच्या डोक्यातून निघतात, असं आपण धरून चालतो. लॉर्ड बायरन या इंग्रज कवीच्या ‘डार्कनेस’ या कवितेबाबत ते अर्धंच खरं आहे. कवितेत सूर्य विझतो. उजेडासाठी लोक राहती घरं जाळतात, जंगलं पेटवतात. एका भल्यामोठ्या शहरात शेवटी दोघेच उरतात, तेही एकमेकांचे वैरी. निखाऱ्यांवर फुंकर घालून ते जाळ करतात, त्या उजेडात एकमेकांचे चेहरे बघतात आणि बघूनच मरतात. भूत नाही, राक्षस नाही, तरी अंगावर काटा येतो.

ही कविता १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ लिहिली गेली. ज्या दिवशी लिहिली त्या दिवशी भरदुपारी कोंबड्या खुराड्यात शिरल्या आणि मेणबत्त्या लावाव्या लागल्या, असं बायरननेच सांगितल्याची नोंद आहे. सूर्य इतका मंद दिसे की त्यावरचे डाग नुसत्या डोळ्यांनी दिसत. १८ जुलैला तो कायमचा विझणार, अशी आवई इटलीतून उठली होती. (बायरनबरोबर पावसामुळे घरात अडकलेल्या मंडळींत मेरी शेली होती आणि तिच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या भयकादंबरीची सुरुवातही तिथलीच.)

हे कशामुळे चाललंय, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याचे आवाज जावा बेटावर पोचले, तेव्हा तोफा धडाडताहेत असं वाटून तिथे सैन्य पाठवलं गेलं. जगभरातल्या बिघडलेल्या हवेशी या स्फोटाचा संबंध जोडला गेला तो थेट विसाव्या शतकात.

खरा गुन्हेगार राख नव्हे. राख जड असते, लवकर खाली बसते. सल्फर डायऑक्साइड वायू मात्र स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात पोचला आणि त्यापासून सल्फ्युरिक आम्लाचे थेंब तयार झाले, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढे. इतक्या उंचीवर त्यांना धुऊन काढायला पाऊस नसतो, त्यामुळे ते वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाशाचा काही भाग अवकाशात परत फेकतात. पृथ्वीचं सरासरी तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने उतरलं असावं. आकडा किरकोळ वाटतो, पण सरासरी फसवी असते. १८१६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात बर्फ पडलं. युरोपात पिकं शेतातच कुजली, धान्य महागलं, उपासमार झाली.

इथे भयकथाकार जरा घाईच करतात, असं मला वाटतं. सूर्य खरोखर विझला, तर आठ मिनिटं वीस सेकंदांनी आपल्याला ते कळेल आणि मग गोष्ट फार लांबणार नाही. पण माणसाचे हाल व्हायला सूर्य विझावा लागत नाही. तो किंचित मंदावला तरी पुरतं.

१९८३ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुयुद्धानंतर जळणाऱ्या शहरांच्या धुराचं गणित मांडलं. या धुराने ऊन अडून थंडी किती पडेल यावर पुढे बराच वाद झाला. पण धुरातल्या काजळीचं वागणं आम्लाच्या थेंबांहून वेगळं असतं, हे खरं. ती ऊन परत फेकत नाही, शोषते. स्वतः तापते, भोवतालची हवा तापवते आणि त्या हवेबरोबर आणखी वर चढते. वर गेल्यावर ती काही वर्षं टिकू शकते. बायरनच्या कवितेत आधी अंधार पडतो आणि मग लोक आगी लावतात. सेगन यांच्या गणितात आगी आधी लागतात.