अमेरिकी पोलीस ही लंडनची नक्कल नव्हे

ब्रिटनचे तेव्हाचे गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी १८२९ मध्ये लंडनमध्ये उभारलेल्या पोलीसदलाची नक्कल म्हणजेच अमेरिकी पोलीस, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. न्यूयॉर्कने १८४५ मध्ये दल उभारताना लंडनचा आदर्श समोर ठेवला, हे खरे. मात्र लंडनचे दल गृहमंत्र्यांच्या अखत्यारीत होते, तर न्यूयॉर्कमधील शिपायांची नेमणूक प्रभागातील राजकारण्यांच्या मर्जीवर, तीही सुरुवातीला एकाच वर्षासाठी होत असे; आणि गणवेश घालणे नोकरासारखे दिसते म्हणून १८५३ पर्यंत तो टाळला गेला.

शिवाय अमेरिकी पोलिसांची मुळे त्याहून जुनी आहेत. बोस्टनमध्ये सतराव्या शतकापासून रात्रीचा पहारा होता, शेरीफचे, म्हणजे काउंटीत कायदा-सुव्यवस्था राखणाऱ्या अधिकाऱ्याचे, पद वसाहतकाळातले आहे आणि संघराज्याच्या न्यायालयांचे आदेश बजावणारे मार्शल १७८९ च्या कायद्याने आले. दक्षिणेत, कॅरोलायनाच्या वसाहतीने १७०४ मध्येच गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्ती पथकांचा कायदा केला होता, आणि चार्ल्सटनसारख्या शहरांतील सशस्त्र रक्षकदलाचे मुख्य काम तेच राहिले. अर्थात, ‘सगळे पोलीस गुलाम-गस्तीतूनच जन्मले’ हे उलट टोकाचे विधानही बोस्टनला लागू पडत नाही.