क्लॅरिनेटचा सगळा भार एका अंगठ्यावर, मग थंब रेस्ट निवडायचा कसा?

क्लॅरिनेट बरीच वर्षं वाजवणाऱ्या माणसाचा उजवा अंगठा बघा, बहुतेक वेळा नखाच्या बाजूला एक घट्टा दिसेल. वाद्याच्या मागे स्क्रूने बसवलेला एक छोटा धातूचा आकडा तिथे टेकतो, तोच थंब रेस्ट. साधं लाकडी बी फ्लॅट क्लॅरिनेट जवळपास 800 ग्रॅमचं असतं आणि उभं राहून वाजवताना त्यातला बहुतेक भार त्या आकड्यावरून अंगठ्यावर येतो. डावा अंगठा आहे की, पण तो भोक झाकण्यात आणि रजिस्टर की (सूर वरच्या पट्टीत नेणारी कळ) दाबण्यात अडकलेला, बाकीची बोटं सतत वरखाली, आणि ओठ-दात वाद्य स्थिर धरतात पण उचलत नाहीत. उघडा जी हा सूर वाजवताना तर सगळी बोटं हवेत असतात, म्हणजे आधाराला फक्त तोंड आणि हा एकटा उजवा अंगठा.

सुरुवातीला हा प्रॉब्लेम एवढा नव्हता. 18व्या शतकाच्या सुरुवातीची न्यूरेंबर्गच्या डेनर या वाद्य बनवणाऱ्याची क्लॅरिनेटं बॉक्सवूडची, दोनच कींची, हलकी, त्यांना थंब रेस्ट नव्हताच. मग की वाढत गेल्या. 1812 मध्ये इवान म्युलर हा वादक आपलं 13 कींचं क्लॅरिनेट घेऊन पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉरमध्ये (तिथलं संगीत विद्यालय) गेला, तिथल्या समितीने ते नापास केलं (पुढे लोकांनी तेच उचललं ही गोष्ट वेगळी), आणि थंब रेस्टचं श्रेयही साधारण त्यालाच देतात. नंतर वादक क्लोझे आणि वाद्य बनवणारा ब्युफे यांची 17 की आणि 6 रिंगांची बोम सिस्टीम, म्हणजे कींची नवी रचना आली, लाकूडही आफ्रिकन ब्लॅकवूड झालं जे पाण्यात टाकलं तर बुडतं इतकं जड. अंगठा मात्र जुनाच.

आता दुखतं का, ते बघू. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर चालते पण हात लांब करून धरली की मिनिटात खांदा भरून येतो, वजन तेच असलं तरी सांध्यापासूनचं अंतर वाढलेलं असतं. अंगठ्याचंही तेच. ढोबळ हिशोब करू: वाद्याचा भार साधारण 8 न्यूटन, आणि तो अंगठ्याच्या मधल्या सांध्यापासून 5 सेंटीमीटरवर, म्हणजे टोकाकडे टेकलाय. तो तोलणारी शिर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, रक्तवाहिनी नव्हे) त्या सांध्यापासून जेमतेम एक सेंटीमीटरवरून ओढते, मग तिला पाचपट जोर लावावा लागतो, म्हणजे 40 न्यूटन, जवळजवळ 4 किलो! तोच भार सांध्यापासून अडीच सेंटीमीटरवर आणला तर हे ओझं सरळ निम्मं होतं. त्यात बरेच जण वाजवताना वाद्य वरच्या दातांकडे रेटतात, त्याचा जोर वेगळा. आणि हे एकदोन मिनिटांचं काम नाही. आपल्याकडच्या लग्नातल्या बँडवाल्यांचं बघा ना, वरात संपेपर्यंत चालत चालत वाजवतात.

दुसरी गोष्ट दाबाची, आणि इथेच लोक गोंधळतात. धातूची कड जर एक चौरस सेंटीमीटर कातडीवर टेकत असेल तर 8 न्यूटनचा तिथला दाब पाऱ्याच्या 600 मिलीमीटरएवढा होतो. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब साधारण 25 ते 35 मिलीमीटर. मग तिथलं रक्त अडणार, मुंग्या येणार, चट्टा उठणार, यात नवल काय. रबराची टोपी किंवा सिलिकॉनचं कुशन लावलं की तोच भार चारपट जागेवर पसरतो आणि दाब 150 वर येतो, कातडीला बरं वाटतं. पण शिरेवरचं ओझं? ते होतं तेवढंच! म्हणून मऊ कुशन घेतलं तरी मनगटाजवळ दुखतंच अशी तक्रार येते, कारण कुशन कातडीचा त्रास सोडवतं, सांध्याचा नाही. माझ्या मते दुकानात सगळ्यात आधी कुशन मागणं हीच उलटी सुरुवात आहे.

आधी जागा बघायची. हात बाजूला सैल सोडा, बोटं आपोआप थोडी वळतात आणि अंगठा तर्जनीच्या समोर, फार तर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये येतो. तो हात तसाच उचलून वाद्यावर ठेवा आणि आकडा कुठे आहे ते बघा. कंपनीने बसवलेला आकडा बऱ्याच जणांना खाली पडतो, मग अंगठा खाली ओढला जातो आणि मनगट वाकतं. हल्ली बऱ्याच मॉडेल्सवर स्क्रू सैल करून वरखाली सरकवता येणारा थंब रेस्ट असतो. तसा नसेल तर रिपेअरवाल्याकडून नवीन भोकं पाडून घेता येतात, पण चांगल्या लाकडात भोक पाडायच्या आधी आकडा टेपने तात्पुरता चिकटवून काही दिवस वाजवून बघा, वाद्य दुसऱ्या हाताने सांभाळून.

मग तो अंगठ्यावर कुठे टेकतो ते. टोकावर नको, नखाच्या मुळाशी किंवा त्याहून आत, टोकाच्या सांध्याकडे आला तर उत्तम. हॉलंडच्या टॉन कोइमानने तर असा थंब रेस्ट बनवलाय जो भार टोकावरून काढून अंगठ्याच्या खालच्या पेरावर नेतो, वर काढलेला हिशोब तिथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. फक्त दिसायला अवजड आणि सवय व्हायला वेळ लागतो, सगळ्यांच्या हाताला बसतोच असंही नाही.

कुशनची जाडी हा कमी बोलला जाणारा मुद्दा. जाड कुशनमुळे अंगठा वाद्यापासून लांब जातो, मग समोरची बोटं ताणावी लागतात, भोकं नीट झाकली जात नाहीत आणि सूर फाटतो, आणि मग माणूस रीडला (माउथपीसवरच्या पातळ पट्टीला) दोष देत बसतो. म्हणून पातळच घ्या, आणि लावल्यावर सगळ्यात खालचा ई वाजवून बघा, तो सहज निघाला तर बोटं जागेवर आहेत.

एवढं करूनही जड वाटत असेल तर गळ्यातला इलॅस्टिक स्ट्रॅप, त्यासाठी थंब रेस्टला कडी लागते. अंगठ्यावरचा जोर सेन्सरने मोजून केलेल्या अभ्यासात स्ट्रॅपने तो कमी होतो असं दिसलंय. फार घट्ट केला तर माउथपीस दातांवर रुततं, आणि ज्यांची मान आधीच दुखते त्यांनी खांद्यावरून जाणारा हार्नेस बघावा. बसून वाजवत असाल तर बेल (वाद्याचं खालचं पसरट तोंड) गुडघ्यांवर टेकवली तरी चालतं, त्यात काही कमीपणा नाही.

ज्यांचा अंगठा मागे खूप वाकतो त्यांनी जागेबद्दल जास्त काळजी घ्यायची, कारण सैल सांध्याला स्नायू धरून ठेवतात आणि ते लवकर थकतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला सणक येत असेल तर थंब रेस्ट बदलत बसू नका, वाजवणं थांबवून डॉक्टरला दाखवा. लहान मुलांना शक्य असेल तर प्लास्टिकचं हलकं वाद्य आणि सोबत स्ट्रॅप द्यावा, आणि त्यांचे हात वाढत असतात त्यामुळे आकड्याची जागा दर काही महिन्यांनी पुन्हा तपासायची.