पेल्यातून आला गोठ्याचा वास

बूच निघालं आणि स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "गोठ्याचं दार कुणी उघडं टाकलं?" लातूरच्या आमच्या फ्लॅटला गोठा नाही. वास येत होता तो भाच्यानं ब्रसेल्सहून आणलेल्या बाटलीचा. ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली, ब्लॅकबेरी घातलेली आंबट बिअर. "मामा, खराब झालेली नाही, ही अशीच असते," भाचा म्हणाला. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, तरी पेला नाकापासून जरा लांबच धरला.

हा वास ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचा. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतले क्लॉसेन यांनी इंग्लिश बिअरच्या संदर्भात त्याची ओळख करून दिली, म्हणून नावाचा अर्थ 'ब्रिटिश बुरशी'. धान्यातल्या आणि फळातल्या काही आम्लांचं ते इथाइलफिनॉल नावाचं वासाचं रसायन करतं, आणि चामडं, घोडा, गोठा असे वास येतात. युरोपातले जाणकार याला घोड्याच्या घोंगडीचा वास म्हणतात. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडेबाजारातून एक चक्कर मारलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.

पहिला घोट घेतला आणि दात आंबले. पण ही आंबट चव अनोळखी नव्हती. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात बसून आम्ही जी आंबील पितो, ज्वारीचं पीठ आणि ताक एकत्र आंबवून केलेली, तिच्यातही हाच लॅक्टिक आम्ल. १७८० मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शील यांनी तो आंबलेल्या दुधातून वेगळा काढला. दोन्हीकडे मूळ माल धान्य, आंबवणारे लॅक्टिक जिवाणू. फरक वेळेचा. आंबील एकदोन दिवसांत तयार, ही बिअर पिंपात एक ते तीन वर्षं पडून असते.

या बिअरचं घराणं ब्रसेल्सच्या आसपासच्या सेन नदीच्या खोऱ्यातलं, नाव लँबिक. गहू आणि बार्लीचा उकळलेला काढा परातीसारख्या उथळ, रुंद भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात. विरजण कुणी घालत नाही, हवेतून आणि पिंपाच्या लाकडातून जे येईल ते. हे काम थंडीच्या महिन्यांतच चालतं, उन्हाळ्यात नको ते जिवाणू शिरजोर होतात. आमच्या मे महिन्यात तो काढा सकाळपर्यंत कुठल्या थराला गेला असता, ते न बोललेलं बरं.

मग पिंपात पाळी लागते. आधी साधं यीस्ट सोपी साखर संपवून अल्कोहोल करतं. नंतर पेडिओकॉकस नावाचे लॅक्टिक जिवाणू सावकाश आंबटपणा वाढवतात, आणि मध्येच कधी बिअरला तार सुटते, अगदी बिघडलेल्या दह्यासारखी. आपण ते दही ओतून दिलं असतं. तिथले लोक वाट पाहतात, कारण मागून येणारं ब्रेटॅनोमायसिस ती तार मोडून खाऊन टाकतं. वर यीस्टची पातळ साय धरते, ती हवा अडवते. लाकडातून मात्र हवा अगदी थोडी झिरपत राहते, आणि तेवढीच हवी. जास्त झाली तर ॲसेटिक जिवाणू माजतात आणि पिंपभर व्हिनेगर हाती लागतं. लॅक्टिक आणि ॲसेटिक या आम्लांतला फरक नाकाला लगेच कळतो. पहिला उडून जात नाही, दुसरा नाकात झोंबतो. आमच्या बाटलीत झोंबणं जवळजवळ नव्हतं.

आंबटपणा मोजायची पीएच ही पट्टीसुद्धा बिअरच्याच घरातली. १९०९ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी ती मांडली. आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. साध्या बिअरचा पीएच ४ ते ४.५, अशा आंबट बिअरचा ३.५ च्या आसपास. आकडा एकाने उतरला की आंबटपणा आणणारे हायड्रोजन आयन दहापट होतात, म्हणून एवढासा फरक जिभेला मोठा लागतो. हे आयन जिभेवरच्या चवपेशींत ज्या दारातून शिरतात, ते ओटॉप-१ नावाचं प्रथिन असल्याचं कळलं २०१८-१९ मध्ये. माणूस चिंच चोखत आला हजारो वर्षं, दार सापडलं काल-परवा.

आता ब्लॅकबेरी. दिसायला तुतीसारखी, पण जवळचं नातं नाही. तुती म्हणजे अनेक फुलांची एकत्र झालेली फळं, तर ब्लॅकबेरी एकाच फुलातल्या छोट्या छोट्या फळांचा झुबका, आणि कुळ गुलाबाचं. (आमच्याकडे तुती भरपूर, पण ती रेशीमकिड्यांच्या पाल्यासाठी. फळाकडे बघतो कोण?) पिंपात फळ पडलं की यीस्ट पुन्हा जागं होऊन त्याची साखर खाऊन टाकतं. म्हणून ही बिअर विचित्र लागते. नाक सांगतं पिकलेलं फळ आहे, जीभ सांगते गोडीचा मागमूस नाही. फळातून गोडी वजा केली की काय उरतं, ते इथं चाखायला मिळतं: वास, आंबटपणा, रंग आणि तुरटपणा.

तुरट हा शब्द आपल्या सहा रसांत आहे खरा, पण विज्ञान त्याला मुख्यतः स्पर्श मानतं. फळाच्या बियांतलं, सालीतलं आणि ओकच्या लाकडातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. जांभळं खाऊन जीभ जड झालेल्याला हे ठाऊक आहे. मला तर दुसऱ्या घोटानंतर जांभूळच आठवत राहिलं, ब्लॅकबेरी नाही. भाच्याला हे पटलं नाही. "मामा, मध्ये व्हॅनिलाचा वास येतोय ना?" तो म्हणाला. ओकच्या लाकडात व्हॅनिलिन असतं, तेव्हा त्याचं बरोबर असणार. माझ्या नाकाला तो सापडला तिसऱ्या घोटाला, पेला जरा कोमट झाल्यावर. थंड पेयातून वासाचे रेणू कमी उडतात.

पेला ठेवताना थोडी बिअर पांढऱ्या पंचावर सांडली. लालभडक डाग पडला. दुसऱ्या दिवशी बायकोनं कपड्याच्या वडीनं तो घासला आणि मला हाक मारली. "हळदीचा डाग साबणानं लाल होतो. हा लाल होता, निळा कसा झाला?" ब्लॅकबेरीचा रंग अँथोसायनिनचा. आम्लात तो लाल, अल्कलीत निळसर. बाटलीतल्या आम्लानं त्याला लाल ठेवला होता, साबण अल्कली, त्यानं तो आम्ल मारला. मी हे सांगेपर्यंत तिनं पंचा पिळून दोरीवर टाकला होता.