परवाना नको, गुन्ह्याचा शिक्काही नको

देहविक्रयावरचा गुन्ह्याचा शिक्का काढावा, ही मागणी पुढे आली की सरकारने परवाने वाटायचे का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांना परवाना नको आहे, आणि त्यामागे जुना अनुभव आहे. गोऱ्या सैनिकांमधील गुप्तरोगांना आळा घालण्यासाठी इंग्रज सरकारने 1864 मध्ये छावण्यांपुरते नियम केले आणि 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याने ते मुंबईसारख्या शहरांतही आणले. स्त्रीने नाव नोंदवायचे, ठरावीक काळाने तपासणीला हजर राहायचे आणि रोग आढळला की बंदिस्त रुग्णालयात राहायचे, अशी ती व्यवस्था होती. गिऱ्हाईक मात्र तपासणीतून मोकळे होते. कायदा 1888 मध्ये रद्द झाला, पण सरकारी नोंदवहीविषयीचा संशय आजही निराधार म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केल्यामुळे, भारताने 1956 मध्ये अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा केला, ज्याला 1986 च्या दुरुस्तीने आजचे नाव मिळाले. सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने शरीरसंबंधांसाठी पैसे घेणे हा या कायद्यात गुन्हा नाही, पण त्याभोवतीचे जवळजवळ सर्व काही गुन्हा आहे. दोघींनी परस्परांच्या फायद्यासाठी एकच खोली वापरली तरी ती कुंटणखाना ठरू शकते. तिच्या कमाईवर जगणारा सज्ञान मुलगाही कलम 4 च्या कक्षेत येतो. कलम 8 नुसार सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल स्त्रीला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तर त्याच कलमाखाली पुरुषाला जास्तीत जास्त तीन महिने. संरक्षणासाठी म्हणून केलेल्या कायद्यात ही तफावत का असावी, याचे पटणारे उत्तर मिळत नाही.

महाराष्ट्रात या मागणीची पाळेमुळे सांगलीत आहेत. एचआयव्हीच्या साथीत 1992 साली ‘संग्राम’ संस्थेचे काम सुरू झाले आणि धंद्यातील बायकाच एकमेकींना निरोध आणि माहिती पोहोचवू लागल्या. त्यांच्यातील अनेकजणी कर्नाटक सीमेलगतच्या देवदासी कुटुंबांतून आलेल्या होत्या. निरोध वापरायला गिऱ्हाइकाला भाग पाडायचे तर आधी पोलीस, गुंड आणि घरमालक यांच्यापुढे उभे राहावे लागते, हे कामातूनच स्पष्ट होत गेले, आणि 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. कोलकात्यात दुर्बार महिला समन्वय समिती त्याआधी वर्षभर स्थापन झाली होती. पुढे अमेरिकी सरकारने एड्स निधीसाठी वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट घातली, तेव्हा संग्रामने त्या पैशावर पाणी सोडले. छापे घालून ‘सुटका’ करणाऱ्यांपासूनच आम्हाला वाचवा, असे या संघटना म्हणत आल्या. सक्तीने किंवा अल्पवयात आणलेल्या मुलींची तस्करी हा गुन्हाच राहावा, याबद्दल मात्र त्यांच्यात दुमत नाही.

न्यायालयांचा सूर अलीकडे बदलला आहे. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी पोलिसांनी सन्मानाने वागावे आणि आधार कार्डासारखी ओळख मिळावी, असे निर्देश दिले. छाप्यात स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रियांना अटक करू नये, ही न्यायालयानेच नेमलेल्या समितीची शिफारस मात्र केंद्र सरकारच्या आक्षेपामुळे त्या निर्देशांत आली नाही, जरी अनेक बातम्यांनी ती आली असल्याचे सांगितले.