मोरीत एक मग पाणी

माझी बहीण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, चँडलरला राहते. फिनिक्सला लागूनच असलेलं गाव. आई तिच्याकडे पहिल्यांदा गेली ती एका मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या न्हाणीघरातून तिची हाक आली. टबात बोटभर लांबीचं तांबूस झुरळ फिरत होतं. "अगं, वाळवंटात कसली आली झुरळं?" हा आईचा प्रश्न. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, तर त्याने फवारणीचा पंप गाडीतून काढलाच नाही. टबाच्या, शॉवरच्या आणि बेसिनच्या जाळीत एकेक मग पाणी ओतलं आणि म्हणाला, दर पंधरा दिवसांनी हे करत जा.

आईला हा माणूस कामचुकार वाटला. प्रत्यक्षात त्याने वाळवंटातल्या कीटकशास्त्राचा पहिला धडा शिकवला होता.

आपले प्लंबर ज्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, तसली वाकडी नळी प्रत्येक जाळीखाली असते. तिच्या बाकात पाणी साचून राहतं आणि तेच गटाराच्या तोंडाचं बूच. आपल्याकडे ते सहसा वाळत नाही. फिनिक्समध्ये मे-जूनच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता अनेकदा १० टक्क्यांच्या खाली जाते. वापरात नसलेल्या न्हाणीघरातलं हे बूच काही आठवड्यांत उडून जातं. मग खालच्या उबदार, ओलसर, खाण्यापिण्याची ददात नसलेल्या गटारातून थेट टबापर्यंत रस्ता मोकळा. तिथले लोक या झुरळाला गटारी झुरळच म्हणतात. शास्त्रीय नावात 'अमेरिकाना' आहे खरं, पण मूळचं ते आफ्रिकेतलं.

आपल्याकडे पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं म्हणून मुंग्या अंडी तोंडात धरून भिंत चढतात, गोम घरात येते. आपले बहुतेक बिनबोलावलेले पाहुणे पाण्यापासून पळून येतात. फिनिक्समधले पाण्याकडे येतात. हा फरक एकदा ध्यानात आला की तिथल्या घरातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो.

फिनिक्सचा वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरही नाही. मुंबईत २६ जुलै २००५ या एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला, म्हणजे फिनिक्सचा जवळजवळ पाच वर्षांचा पाऊस. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. तरीही शहरात हिरवळ आहे, संत्री-मोसंबीची झाडं आहेत, परसात पोहण्याचे तलाव आहेत. कारण पाणी बाहेरून येतं : कोलोराडो नदीचं पाणी सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्याने, आणि सॉल्ट नदीचं जवळच्या कालव्यांनी. यातल्या काही कालव्यांची आखणी तर तिथल्या होहोकाम लोकांच्या प्राचीन कालव्यांवरूनच पुढे गेली. म्हणजे प्रत्येक घर हे एक छोटं मरूद्यान. ठिबकच्या नळ्या, एसीतून टपकणारं पाणी, कुत्र्याचं भांडं, मीटरच्या खड्ड्यातली ओल. आपल्याला ही घराची अंगं वाटतात, कीटकाला ती आसपासच्या मैलभर कोरड्या जमिनीतली एकमेव पाणपोई वाटते.

कीटकाला पाण्याची एवढी तहान का, तर त्याचा आकार. शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त, आणि त्वचेतूनच पाणी जातं. सुपात पसरलेले गहू लवकर वाळतात आणि पोत्यातले ओले राहतात, तसंच. म्हणून कीटकांच्या कवचावर मेणाचा अत्यंत पातळ थर असतो. तो शाबूत असेल तोवर कीटक रेनकोट उलटा घातल्यासारखा : पाणी आत राखलेलं. थर फाटला की खेळ संपला.

आपल्या आज्यांना हे मेण ठाऊक नव्हतं, पण कडधान्याला राख चोळून ठेवायचं ठाऊक होतं. १९४०च्या दशकात व्हिन्सेंट विगल्सवर्थ या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने त्यामागचं कारण दाखवून दिलं : बारीक, टोकदार धूळ कीटकाच्या सांध्यांत घासते, मेणावर ओरखडे उठतात आणि कीटक अक्षरशः सुकून मरतो. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात वॉल्टर एबेलिंग यांनी आणखी एक गोष्ट समोर आणली. काही सच्छिद्र भुकट्या ओरखडे न काढताच मेण टिपकागदासारखं शोषून घेतात. यात विष नाही, त्यामुळे झुरळांना या भुकटीची 'सवय' होण्याची भीतीही फारशी नाही.

बाजारात मिळणारी 'डायटम माती' याच जातीची. डायटम म्हणजे काचेसारखं सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. त्याच्या जीवाश्मांची ही पूड. कोकणातल्या जुलैत ती दमट होऊन जवळपास निकामी ठरेल, कारण मेण गेलं तरी हवाच ओली आहे. फिनिक्सच्या जूनमध्ये मात्र हवाच कीटकाच्या अंगातलं पाणी ओढायला टपलेली असते. वाळवंटाचा कोरडेपणा इथे आपल्या बाजूने लढतो.

पण लोक ती पसाभर ओततात, तिथे चुकतं. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. फळ्यावरचा खडू पुसल्यावर उरतो तितकाच थर हवा, तोही फटीत, स्विचबोर्डमागे, सिंकखाली. टाकताना नाकातोंडाला कापड बांधायचं. आणखी एक सावधगिरी : फिनिक्समध्ये पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठीही डायटम माती विकतात. ती भाजलेली असते, तिच्यात स्फटिकरूप सिलिका असते आणि ती फुप्फुसांना घातक. घरात ती वापरायची नाही. त्यापेक्षा आपली कणीक, साखर आणि बोरिक पावडरची गोळी बरी, अर्थात लहान मुलांचा आणि कुत्र्या-मांजरांचा हात पोचणार नाही अशा जागी. भारतातून बॅगेत झुरळांचा खडू नेणारेही भेटतात. नेऊ नका. असा नोंदणी नसलेला खडू अमेरिकेत विकणं बेकायदा आहे, आणि लहान मुलाला त्यात आणि पाटीवरच्या खडूत फरक दिसत नाही.

स्वयंपाकघरातलं लहान, फिकट तपकिरी झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. ते गटारातून नाही, खोक्यांतून आणि जुन्या सामानातून येतं. 'जर्मन' हे नुसतं नाव. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरातल्या आशियाई झुरळापासून ते वेगळं झालं. बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे हेही आपल्यासारखंच इथे स्थायिक झालेलं! आणि मीटरच्या खड्ड्यात दिसतं ते टर्किस्तान झुरळ, मध्य आशियातल्या टर्किस्तानच्या नावाचं. अमेरिकेत ते पहिल्यांदा १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी आगारात सापडलं. पाळीव सरड्यांचं खाद्य म्हणून ते आता ऑनलाइन विकतही मिळतं. या खरेदीवर मी काही बोलत नाही.

झुरळांचा विषय निघाला की ॲरिझोनात दोन मिनिटांत विंचवावर येतो.

तिथला सालविंचू फिकट पिवळसर, सात-आठ सेंटिमीटरचा, पुढच्या नाजूक नांग्यांचा. दिसायला किरकोळ, पण जिवावर बेतू शकेल असा दंश करणारा अमेरिकेतला तो एकमेव विंचू मानला जातो. गंमत म्हणजे वाळवंटातल्या इतर विंचवांच्या मानाने याला ओल जास्त लागते. मूळचा तो ओढ्याकाठच्या झाडांच्या सालीखाली राहणारा. माणसाने वाळवंटात पाणी आणलं, झाडं लावली आणि परसाभोवती पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या भिंती बांधल्या. ओढा, साल आणि कपार या तिन्ही गोष्टी त्याला एका जागी मिळाल्या. थंडीत याच भिंतींच्या पोकळीत कधीकधी वीस-तीस विंचू एकत्र मुक्काम करतात.

दुसरी खोड अशी, की तो वस्तूच्या खालच्या बाजूला उलटा लटकून बसतो. फळी उचलायला बोटं खाली घातली, की विंचू नेमका तिथेच. म्हणून बागेत हातमोजे, आणि बूट घालण्याआधी झटकणं. खडबडीत भिंत तो सहज चढतो, काच मात्र चढू शकत नाही. टबात किंवा बेसिनमध्ये पडला तर अडकून बसतो. तान्ह्या मुलांच्या पाळण्याचे पाय तिथे काचेच्या बरण्यांत ठेवतात. मुंग्या लागू नयेत म्हणून आपण दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायचो, त्याच कुळातली ही युक्ती.

आता फवारणी. माझं स्पष्ट मत आहे, की विंचवासाठी दर महिन्याला घरभर फवारणी करून घेणं म्हणजे बरेचसे पैसे वाया. विंचू उंच पायांवर चालतो, फवारलेल्या जमिनीला त्याचं अंग फारसं लागत नाही. आमिष तो खात नाही, त्याला जिवंत भक्ष्य लागतं. त्याच्या शरीराचा गाडा इतका संथ चालतो, की तो कित्येक महिने उपाशी राहू शकतो. फवारणीने मरतात ते रातकिडे आणि झुरळं, म्हणजे विंचवाचं जेवण. तेवढा उपयोग आहे, नाही असं नाही. पण तेच काम बाहेरच्या पांढऱ्या झगझगीत दिव्याऐवजी पिवळसर दिवा लावूनही बरंचसं होतं. दिव्यावर किडे कमी, तर भिंतीवर विंचू कमी.

खरा उपाय फटी बुजवण्याचा. क्रेडिट कार्ड सरकेल एवढी फट सालविंचवाला पुरते. रात्री घरात अंधार करून दाराबाहेर दिवा लावायचा. दाराखालून उजेडाची रेघ दिसली तर तिथे रबरी पट्टी हवी. नळाचा पाइप भिंतीत शिरतो तिथली जागा, छताखालच्या झरोक्यांच्या जाळ्या, सगळं तपासायचं. एक जागा मात्र सिलिकॉन लावून बंद करायची नाही : गिलाव्याच्या तळाशी असलेली धातूची पट्टी. भिंतीत शिरलेली ओल तिथून बाहेर निघते. ती कोंडली तर भिंत आतून कुजते आणि वाळवीला आमंत्रण जातं. तिथे तांब्याची बारीक जाळी खोचतात.

उरलेल्यांची शिकार करायची. विंचवाचं कवच अतिनील प्रकाशात निळसर हिरवं चमकतं. कवचाच्या बाहेरच्या थरातल्या काही रसायनांमुळे. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच कडक होईल तशी चमक येते. उन्हाळ्यात रात्री नऊनंतर अतिनील टॉर्च आणि लांब चिमटा घेऊन बहिणीचा नवरा परसात फिरतो. एका रात्री त्याने अकरा धरले. शेजारी बिअर घेऊन हा कार्यक्रम बघत होते म्हणे.

दंश झालाच तर सूज फारशी दिसत नाही, म्हणून लोक फसतात. मुंग्या येतात, बधिरपणा वाटतो, त्या जागी नुसतं टिचकी मारलं तरी कळ जाते. या विंचवाचं विष चेतातंतूंवर काम करतं. मोठ्या माणसाला बहुधा एखाद्या दिवसात आराम पडतो. लहान मुलाचे डोळे भिरभिरायला लागले, लाळ गळू लागली, अंगाला झटके येऊ लागले, श्वास अडखळला तर थेट रुग्णालय. त्यासाठीचं प्रतिविष मेक्सिकोत घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनतं. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. आपल्या कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर घाला घालतं. तिथे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने असंख्य जीव वाचवले. विंचू वेगळा, विष वेगळं, इलाजही वेगळा. तेव्हा गावाकडचा अनुभव चँडलरच्या विंचवाला लावू नये.

याच वाळवंटात टोळ खाणारा एक उंदीर राहतो, तो सालविंचवावरही ताव मारतो. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्याचं रहस्य आलं. विंचवाचं विष त्याच्या वेदनातंतूंमधल्या एका प्रथिनाला चिकटून वेदनेचा संदेशच बंद करतं. ज्याने कळ यायची, तेच त्याचं बधिरीचं इंजेक्शन.

वाळवीचं थोडक्यात सांगतो. वाळवंटात गांडुळाचं बरंचसं काम वाळवी करते, वाळलेलं लाकूड आणि गवत तीच मातीत मिसळते, म्हणून दिसेल ती वाळवी शत्रू नव्हे. घराला लागते ती मुख्यतः जमिनीखालची वाळवंटी वाळवी. छतातून खाली लोंबणाऱ्या मातीच्या पेन्सिलीएवढ्या नळ्या दिसल्या तर ती आत पोचली आहे असं समजावं. भिंतीला खेटून ठिबकची नळी असेल, तर आधी ती हलवावी.

वाळवीला पंख फुटतात ते पावसात. हो, ॲरिझोनातही 'मान्सून' आहे आणि शब्दही हाच वापरतात. १५ जून ते ३० सप्टेंबर हा तिथला अधिकृत हंगाम. धुळीची भिंत येते, वीज कडाडते, तासाभरात रस्त्यांचे ओढे होतात आणि पुन्हा ऊन. मागे राहतात कुंड्यांखालच्या बशा आणि निगा न राखल्याने हिरवे पडलेले पोहण्याचे तलाव. २०२० चा हंगाम जवळजवळ कोरडा गेला, २०२१ चा भरपूर बरसला. त्या वर्षी फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत डासांमधून पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूचे सुमारे १५०० रुग्ण झाले आणि सुमारे १०० जणांचा मृत्यू झाला. वाळवंटातल्या शहरात, डासांमुळे.

डिसेंबरात बहीण महिनाभर पुण्याला येते. निघण्याआधी गॅस, गिझर, कुलपं या यादीत आईने स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे : तिन्ही मोऱ्यांत एकेक मग पाणी, वर दोन-दोन चमचे गोडंतेल. तेलाचा तवंग असला की पाणी लवकर उडत नाही.