लाटेचा मारा दर्शनी भिंतीवर, घाव पायथ्यावर

पुण्याजवळ खडकवासल्याला, सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्राच्या लाटा तयार करण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. मुंबई इलाख्याने १९१६ साली सिंचनाच्या प्रश्नांसाठी सुरू केलेल्या एका छोट्या विभागातून येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले आणि पुढे बंदरे, लाटरोधक भिंती आणि किनाऱ्यावरील धूपप्रतिबंधक बंधारे यांच्या प्रतिकृती तपासणे हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक झाले. किनाऱ्यावरचे बांधकाम कसे ढासळते, हे अशा प्रतिकृतींत जितके स्पष्ट दिसते, तितके प्रत्यक्ष किनाऱ्यावर उभे राहून क्वचितच दिसते.

या चाचण्यांसाठी ‘वेव्ह फ्लूम’ नावाचा लांबट, अरुंद हौद वापरतात. त्याच्या एका टोकाला यंत्राने पुढेमागे हलणारी फळी असते आणि दुसऱ्या टोकाला बांधकामाची प्रतिकृती. प्रतिकृती छत्तीसपट लहान असेल, तर वेळ छत्तीसपट नव्हे, तर त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे सहापट आटतो. समुद्रात बारा सेकंदांनी येणारी लाट हौदात दोन सेकंदांनी येते आणि सहा तासांचे वादळ तासाभरात उरकते. वजन मात्र घनाच्या प्रमाणात उतरत असल्यामुळे दहा टनांच्या दगडाची जागा सुमारे २१४ ग्रॅमचा दगड घेतो. वेगवेगळ्या पट्ट्यांतले दगड वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले असतात. वादळ थांबवून पाणी उतरवले की पायथ्याशी लाल दगड पडले आहेत की पिवळे, यावरून कोणत्या उंचीचा दगड जागचा हलला ते मोजता येते. एक अडचण तरीही उरते. दगड लहान करता येतो, पाण्याची चिकटाई लहान करता येत नाही. म्हणून प्रतिकृतीच्या गाभ्यातली खडी हिशोबापेक्षा थोडी मोठी घ्यावी लागते, नाहीतर पाणी तिच्यातून खऱ्यासारखे वाहतच नाही.

दगड किती जड हवा, याचा हिशोब कठोर आहे. लाटेची उंची दुप्पट झाली की लागणारे वजन आठपट होते, कारण ते उंचीच्या घनाप्रमाणे वाढते. दगडाच्या घनतेचा परिणामही असाच मोठा असतो. घनमीटरला २.६ टन भरणाऱ्या दगडाऐवजी २.८ टन भरणारा काळा दगड मिळाला, तर त्याच लाटेसाठी प्रत्येक दगडाचे वजन साधारण चतुर्थांशाने कमी चालते. कोकणात जांभा हाताशी असूनही समुद्राच्या तोंडावर काळा दगड आणून टाकतात, त्याचे एक कारण हेच. जांभा हलका आणि सच्छिद्र असतो. जिथे पुरेसा मोठा दगड खाणीतून निघतच नाही, तिथे काँक्रीटचे चार पायांचे टेट्रापॉड येतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर ते सर्वांनी पाहिलेले असतात. त्यांचे पाय एकमेकांत अडकतात आणि मधल्या पोकळ्यांत लाटेचा जोर विरतो, त्यामुळे दगडापेक्षा कमी वजनात काम भागते.

एवढे सगळे बिनचूक करूनही बंधारा खचतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा दर्शनी थरात नसतो. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरते, येणाऱ्या लाटेत मिसळते आणि भिंतीसमोर लाटेची उंची जवळपास दुप्पट होते. हे पाणी भिंतीच्या पायाजवळची वाळू उकरते. वाळूच्या तळावर मूळ लाटेच्या उंचीइतका खोल खड्डा पडू शकतो, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. दुसरी वाट आतून जाते. प्रत्येक परतणारी लाट दगडांच्या फटींतून मागच्या भरावातली माती थोडी थोडी ओढून नेते. म्हणूनच मोठ्या दगडांखाली त्यांच्या सुमारे दहाव्या हिश्श्याच्या वजनाचे दगड, त्याखाली खडी आणि मातीलगत जिओटेक्स्टाईलचे, म्हणजे कृत्रिम धाग्यांचे पाझरते कापड, अशी थरांची उतरंड लागते. पाणी जाऊ द्यायचे आणि माती अडवायची, एवढेच या थरांचे काम. खचलेल्या जागी वरून नवे मोठे दगड ओतणे, ही आपल्याकडची सर्रास दुरुस्ती मला पैशाचा अपव्यय वाटते. फाटलेले कापड आणि वाहून गेलेला पायथा तसाच राहतो आणि नवा दगडही त्याच खड्ड्यात उतरतो. पायथ्याचे काम ओहोटीच्या मोजक्या तासांत आणि पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांतच करावे लागते, त्यामुळे तेच काम आधी टाळले जाते.

काँक्रीटच्या धक्क्यांतही हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडते. चांगल्या काँक्रीटच्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड झिरपत सळईपर्यंत पोहोचले की तो थर फुटतो. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीटला आतून तडे जातात आणि पोपडे सुटतात. सर्वाधिक हानी सतत पाण्याखाली असलेल्या भागाची होत नाही, कारण तिथे प्राणवायू फार कमी पोहोचतो. ती होते भरती-ओहोटीच्या आणि तुषारांच्या पट्ट्यात, जिथे मीठ, ओल आणि हवा तिन्ही एकत्र येतात. अशा जागी सुटलेला तुकडा काढून फक्त तेवढेच नवे काँक्रीट भरले, तर त्या ठिगळाच्या कडेला लागून असलेली जुनी सळई आधीपेक्षा वेगाने गंजू लागते. आतापर्यंत गंजणारा भाग विद्युत-रासायनिक क्रियेत शेजारच्या सळईला वाचवत होता. नव्या काँक्रीटमध्ये त्याचे गंजणे थांबते आणि शेजारचे ते संरक्षणही संपते. म्हणून क्लोराइड शिरलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत खोदून काढतात, किंवा सळईला जस्ताचे तुकडे जोडतात, जे तिच्याऐवजी स्वतः झिजतात.

नदीकाठचे लोक हा विषय कोकणाचा म्हणून सोडून देतात, पण पुलाच्या खांबाला तोच धोका असतो. पुराचे पाणी खांबाच्या पुढच्या बाजूवर आदळून खाली वळते, पायाभोवती भोवरा धरते आणि गाळ उचलून नेते. मुठेच्या पात्रात अनेक ठिकाणी खडक जवळ लागतो, ही पुण्याची जमेची बाजू आहे; खाड्यांवरच्या आणि गाळाच्या पात्रांतल्या पुलांना हा आधार नसतो. यातली सर्वांत फसवी बाब अशी की खड्डा पूर ऐन भरात असताना सर्वांत खोल असतो आणि पाणी ओसरताना त्यातच नवा, सैल गाळ भरतो. पूर उतरल्यावर पाहणीला गेलेल्या माणसाला पात्र पूर्वीसारखेच सपाट दिसते. त्यामुळे अशा खांबांवर ध्वनिलहरींनी खोली मोजणारी उपकरणे कायमची बसवून पूर चालू असतानाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. तशी सोय नसेल, तर निदान पात्रात सळई खुपसून सैल गाळ कुठे संपतो आणि घट्ट तळ कुठे लागतो, हे प्रत्येक पावसाळ्यानंतर तपासावे लागते.