पतमानांकनाचे पैसे कोणी द्यायचे? वादाची पार्श्वभूमी

पतमानांकनाचे, म्हणजे कर्ज फेडण्याच्या कुवतीला लावलेल्या श्रेणीचे, पैसे कर्ज काढणाऱ्याकडूनच घ्यावेत का, हा वाद पेटला की न्यूयॉर्कच्या हेन्री वार्नम पुअर या जुन्या संपादकाचा दाखला निघतोच. तो म्हणे फक्त गुंतवणूकदारांना बांधील होता. हे अर्धेच खरे.

मेन राज्यातला हा वकील १८४९ मध्ये रेल्वेविषयक नियतकालिकाचा संपादक झाला. कंपन्यांना प्रश्नावल्या धाडून भांडवल, कर्ज, उत्पन्न मागवायचे आणि छापायचे, हा त्याचा खाक्या. याच कागदांतून १८६० मध्ये रेल्वे आणि कालव्यांचा इतिहास झाला. १८६८ पासून मुलाच्या साथीने वार्षिक माहितीपुस्तक निघू लागले. ते गुंतवणूकदार पदरचे पैसे मोजून घेत. दाखला इथवर बरोबर. पण सख्खा भाऊ रेल्वेचा प्रवर्तक होता, आणि १८६३ मध्ये पॅसिफिककडे निघालेल्या मार्गाच्या कंपनीचा सचिव हा स्वतःच झाला होता.

शिवाय त्याने मानांकन असे कधी दिलेच नाही. तो आकडे देई, निष्कर्ष वाचकाने काढायचा. १९०५ मध्ये तो वारला. रोख्यांना अक्षरी श्रेणी १९०९ मध्ये दुसऱ्याच एका प्रकाशकाने लावली (तीही रेल्वेच्याच रोख्यांना), त्याच्या स्वतःच्या संस्थेने १९१६ मध्ये. माहिती आणि मत या दोन गोष्टींची आपल्याकडे सर्रास गल्लत होते, ती इथूनच सुटायला हवी.

पैशांची दिशा उलटली ती १९७० नंतर. झेरॉक्समुळे पुस्तके फुकट फिरू लागली, हे नेहमीचे कारण. मला ते तोकडे वाटते. जून १९७० मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागातली, दोनच वर्षांपूर्वी विलीनीकरणातून झालेली अवाढव्य रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचे अल्पमुदतीचे कर्जरोखे बुडाले. धास्तावलेला बाजार मानांकन मागू लागला. कर्ज हवे तर ते मिळवणे भाग, म्हणून कर्जदार खिशात हात घालायला तयार झाले.

मुंबईत १९८७ मध्ये क्रिसिल ही देशातली पहिली मानांकन संस्था निघाली, तीही कर्जदाराच्या पैशांवर. २००८ मध्ये वरची श्रेणी मिळूनही बुडालेल्या अमेरिकी गृहकर्जांवरच्या रोख्यांनी या पद्धतीचे वाभाडे काढले. २०१८ मध्ये मुंबईतली पायाभूत क्षेत्रातली बडी वित्तकंपनी कोसळली. काही आठवडे आधीपर्यंत तिला सर्वोच्च श्रेणी होती.

१९८७ च्या त्या संस्थेत २००५ पासून बहुसंख्य हिस्सा आहे तो संपादकाच्या वारसदार कंपनीचा. २०१६ पासून तिच्या मूळ कंपनीच्या नावात (एस अँड पी ग्लोबल) त्याच्या आडनावाचे फक्त आद्याक्षर, ‘पी’, उरले आहे.